कोर्टाचा कागद आला, तर उत्तर द्या



स्मरणिकेत धम्म, बाबासाहेबांचे विचार आणि आपल्या मुलांचे शिक्षण यांवरील लेख आपण नेहमी वाचतो. या अंकासाठी आम्ही थोडा रुक्ष वाटणारा, परंतु संसाराशी निगडित असा विषय निवडला आहे. इंग्लंडमध्ये राहत असताना थकलेल्या देण्यापायी काउंटी कोर्टाचा दावा घरी आला, तर काय करावे, हा तो विषय होय. तो निवडण्याचे कारण असे की, अशा प्रसंगी माणसाचे खरे नुकसान होते ते देणे मोठे असते म्हणून नव्हे, तर लिफाफा न उघडता कपाटात ठेवला जातो म्हणून. कोर्टाची भीती आणि चारचौघांतली लाज या दोहोंमुळे माणूस गप्प बसतो. इकडे दिवाणी कोर्टाचा नियम असा की, मुदतीत उत्तर न देणाऱ्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागतो. मग देणे खरे होते की खोटे, हे कोणी तपासत नाही.

कर्जाकडे धम्माच्या दृष्टीने

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, कोणाचेही ऋण नसल्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. अंगुत्तर निकायातीलच इणसुत्तात दुःखाची एक साखळी दाखविली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याज थकले की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही साखळी आजच्या थकबाकीच्या पत्रांना जशीच्या तशी लागू पडते. कोर्टाचा दावा ही त्या साखळीतील एक कडी आहे, आणि ती तोडता येण्यासारखी आहे.

कर्ज घेणे हा काही कलंक नव्हे. १९२० साली बाबासाहेब लंडनमधील अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी निघाले, तेव्हा त्यांनी आपले पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले होते. १९२२ साली ते याच शहरातील ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. ज्या देशाचा कायदा बाबासाहेबांनी येथे बसून आत्मसात केला, त्या देशाच्या कोर्टाचा कागद पाहून आपण हातपाय गाळावेत, हे आपणांस शोभत नाही.

आधी भीती घालवू

पुढील गोष्टी इंग्लंड आणि वेल्सपुरत्या आहेत. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडची कोर्टे आणि नियम निराळे आहेत.

काउंटी कोर्टातील पैशांचा दावा हा दिवाणी दावा असतो. त्यात कोणी गुन्हेगार ठरत नाही, पोलीस येत नाहीत. एके काळी येथे कर्जापायी तुरुंगवास होत असे. लेखक चार्ल्स डिकन्स यांचे वडील १८२४ साली लंडनच्या मार्शलसी तुरुंगात कर्जापायीच गेले होते. १८६९ च्या कायद्याने ही पद्धत बहुतांशी बंद झाली. क्रेडिट कार्ड, बँकेचे कर्ज, फोन, वीज, घरभाडे, खाजगी जागेतील पार्किंगचा आकार अशा देण्यांसाठी आज कोणी तुरुंगात जात नाही. कौन्सिल टॅक्स आणि कोर्टाचे दंड मात्र या लेखात येत नाहीत. ती प्रकरणे मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे जातात आणि त्यांचे नियम अधिक कडक आहेत. तसे पत्र आल्यास लगेच सल्ला घ्यावा.

वसुली कंपनीचा माणूस म्हणजे बेलिफ नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. त्याला पत्र लिहिण्याचा, फोन करण्याचा अधिकार आहे, परंतु तुमच्या घरातील वस्तू नेण्याचा अधिकार नाही. तसेच काही लबाड लोक कोर्टाच्या नावाने खोटी पत्रे पाठवितात. शंका आल्यास पत्रावरील नंबरवर फोन न करता कोर्टाचा नंबर स्वतः शोधून दाव्याचा क्रमांक खरा आहे काय, हे विचारावे.

दाव्यापूर्वीचे पत्र

ऑक्टोबर २०१७ पासून असा नियम आहे की, एखाद्या व्यापारी संस्थेला व्यक्तीविरुद्ध थकबाकीचा दावा लावायचा असेल, तर तिने आधी दाव्याचा इशारा देणारे सविस्तर पत्र पाठविले पाहिजे. त्यासोबत उत्तराचा छापील नमुना आणि जमाखर्चाचा तक्ता येतो. उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. देणे मान्य आहे, अमान्य आहे, की कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, हे त्यात लिहिता येते. आपण सल्लागाराकडे जात आहोत, असेही कळविता येते. बरीच प्रकरणे येथेच मिटू शकतात. म्हणून हे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नये.

तारखांचा हिशेब

यानंतर जो येतो तो खरा दावा. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक दावे नॉर्दॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून निघतात. लिफाफा उघडताच त्यावरील दावा निघाल्याची तारीख पाहावी. तेथून निघालेला दावा त्या तारखेपासून ५ दिवसांनी तुम्हांस पोचला, असे कायदा धरून चालतो. पोचल्यापासून उत्तरासाठी १४ दिवस असतात.

दाव्यासोबत उत्तराच्या कागदांचा संच असतो. त्यात पोच देण्याचा एक नमुना असतो. तो १४ दिवसांच्या आत भरून पाठविला, तर कैफियत देण्यासाठी पोचल्या दिवसापासून एकूण २८ दिवस मिळतात. उदाहरणार्थ, दावा १ मार्चला निघाला, तर तो ६ मार्चला पोचला असे धरले जाईल. उत्तराची किंवा पोच देण्याची मुदत २० मार्च. पोच वेळेत दिली असेल, तर कैफियतीची मुदत ३ एप्रिल. या तारखा घरातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. काही दाव्यांवर ऑनलाइन उत्तर देण्याची सोय व संकेतशब्द छापलेला असतो. टपालापेक्षा तो मार्ग बरा, कारण उत्तर पोचल्याचा पुरावा लगेच मिळतो. टपालाने पाठविल्यास पोस्टाची पावती व सर्व कागदांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

येथे एक इशारा. दावा लावणाऱ्या कंपनीशी फोनवर बोलणे म्हणजे कोर्टाला उत्तर देणे नव्हे. "बघू, काहीतरी तडजोड करू," असे कोणी फोनवर म्हटले, तरी कोर्टाची मुदत थांबत नाही. तडजोड झालीच तर ती लेखी घ्यावी, आणि तोवर कोर्टाचे उत्तर मुदतीत पाठवावेच.

उत्तराच्या चार वाटा

पहिली वाट, देणे खरे आहे आणि पैसे हाताशी आहेत. अशा वेळी दाव्यातील रक्कम, व्याज व कोर्टाचा खर्च यांसह पूर्ण पैसे थेट दावा लावणाऱ्यास मुदतीत द्यावेत आणि पावती घ्यावी. निकाल लागण्यापूर्वी सर्व रक्कम भरली, तर नावावर निकालाची नोंद होत नाही.

दुसरी वाट, देणे खरे आहे, पण एकरकमी देणे शक्य नाही. यासाठी कबुलीचा नमुना असतो. त्यात पगार, भाडे, प्रवास, अन्न, मुलांचा खर्च असा सर्व हिशेब लिहून महिन्याला किती हप्ता देता येईल, ते कळवावे. कागदी दाव्यात रक्कम पूर्ण मान्य असेल, तर हा नमुना कोर्टाकडे नव्हे, तर दावा लावणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवायचा असतो. येथे अनेकांची गल्लत होऊ शकते. त्यांना हप्ता मान्य नसेल, तर कोर्ट तुमचा हिशेब पाहून हप्ता ठरविते. तोही जड वाटला, तर १४ दिवसांत फेरविचाराची विनंती करता येते. लाजेखातर झेपणार नाही असा हप्ता कबूल करू नये. पाच पौंड प्रामाणिकपणे देता येत असतील, तर पाचच लिहावेत. या वाटेनेही निकाल नोंदला जातो, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

तिसरी वाट, थोडे देणे मान्य, थोडे अमान्य. अशा वेळी किती रक्कम मान्य आहे आणि उरलेली का मान्य नाही, हे दोन्ही लिहून कोर्टाकडे पाठवावे.

चौथी वाट, देणे मुळीच मान्य नाही. तेव्हा लेखी कैफियत कोर्टाकडे द्यावी. दाव्यातील एकेक मुद्दा घेऊन तो मान्य, अमान्य, की माहीत नाही, हे साध्या भाषेत लिहावे. उलट त्यांच्याकडूनच आपले येणे असेल, तर प्रतिदावाही करता येतो, मात्र त्याला फी पडते. कैफियतीखाली मजकूर खरा असल्याची सही करावी लागते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील आपण दर वंदनेत ग्रहण करतो, त्याची कसोटी या सहीत आहे. जे देणे खरे आहे ते नाकारू नये, आणि जे आपले नाही ते भीतीपोटी पत्करू नये.

देणे खरोखर आपले आहे काय?

उत्तर लिहिण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. नाव व पत्ता आपलाच आहे काय? रक्कम बरोबर आहे काय? आधी भरलेले हप्ते वजा केले आहेत काय? दावा लावणारी कंपनी अनोळखी असेल, तर मूळ कंपनीने कर्ज तिला विकलेले असू शकते. ही पद्धत कायदेशीर आहे, परंतु तसे लेखी कळविलेले असले पाहिजे.

देणे किती जुने आहे, हेही पाहावे. १९८० च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कराराच्या पैशांसाठी दावा सामान्यपणे ६ वर्षांत लावावा लागतो. मुदत उलटून गेली असेल, तर तो पूर्ण बचाव ठरतो. पण तो बचाव आपण स्वतः कैफियतीत मांडावा लागतो, कोर्ट आपण होऊन मांडत नाही. ६ वर्षांच्या आत तुम्ही काही रक्कम भरली किंवा सही करून देणे लेखी कबूल केले, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून तगाद्याचे फोन बंद व्हावेत एवढ्यासाठी जुन्या देण्यापोटी चार-दोन पौंड पाठवू नयेत. आधी तारखा पाहाव्यात. मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची, हे कराराच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून सल्लागारास विचारावे.

क्रेडिट कार्ड किंवा बँकेच्या कर्जाबाबत १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे. एक पौंड फी देऊन कराराची प्रत मागता येते. ती दिली जात नाही तोवर त्या कराराची कोर्टामार्फत सक्तीने वसुली करता येत नाही. घरभाडे किंवा विजेच्या बिलाला हा नियम लागू नाही. प्रत मागितली म्हणून उत्तराची मुदत थांबत नाही, हेही विसरू नये.

घरातील एक मुद्दा. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरील कर्ज बायकोचे होत नाही, बापाचे मुलाचे होत नाही. मात्र कर्ज संयुक्त असेल किंवा आपण जामीन राहिलो असू, तर जबाबदारी आपल्यावर येते. ओळखीच्या माणसासाठी भीडेखातर सही करताना हे ध्यानात ठेवावे.

कैफियतीनंतर

दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे सामान्यतः लघुदावा म्हणून चालतात. २०२४ सालापासून अशा पैशांच्या दाव्यांत मध्यस्थीची बैठक सक्तीची करण्यात आली आहे. ती टेलिफोनवर होते, सुमारे एक तासाची असते आणि तिला फी नाही. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोन्ही पक्षांशी वेगवेगळे बोलून समेटाचा प्रयत्न करतो. समेट झाला नाही, तर प्रकरण न्यायाधीशापुढे जाते. या पातळीवर वकील असलाच पाहिजे असे नाही. हरलो तरी समोरच्या वकिलाची मोठी फी सहसा आपल्यावर पडत नाही, मात्र कोर्टाची फी व ठरावीक खर्च द्यावा लागतो. तुम्ही स्वतः हजर असाल, तर लघुदाव्याच्या सुनावणीत वकील नसलेला माणूसही तुमच्या वतीने बोलू शकतो. इंग्रजीची अडचण असलेल्या वडीलधाऱ्यांसोबत शिकलेल्या सभासदाने जाणे, ही मोठी सेवा ठरेल.

निकाल लागून गेला असेल तर

निकाल लागला की त्याची नोंद सार्वजनिक रजिस्टरमध्ये ६ वर्षे राहते. घर भाड्याने घेताना, घरासाठी कर्ज काढताना, प्रसंगी साधा फोन घेतानासुद्धा ही नोंद आडवी येते. एका महिन्याच्या आत सर्व रक्कम भरली, तर नोंद काढून टाकली जाते. त्यानंतर भरली, तर फेड झाल्याचा शेरा पडतो, पण नोंद राहते.

दावा जुन्या पत्त्यावर गेला आणि तुम्हांस काहीच कळले नाही, असे झाले असेल, तर निकाल रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. बचावाला खरा आधार असला पाहिजे, आणि कळताच विनाविलंब अर्ज केला पाहिजे. अर्जाला फी आहे, परंतु कमी उत्पन्न असणाऱ्यांना फीमाफी मागता येते. निकाल योग्य आहे, पण हप्ता झेपत नाही, अशा वेळी हप्ता बदलून मागण्याचा वेगळा अर्ज आहे.

काहीच केले नाही, तर वसुली सुरू होते. पगारातून कपात, घरावर बोजा, किंवा बेलिफ. बेलिफाने येण्यापूर्वी सात पूर्ण दिवसांची नोटीस दिली पाहिजे. अशा देण्यांसाठी पहिल्या भेटीत त्याला घराचे दार तोडून आत येता येत नाही. न लावलेल्या दारातून मात्र तो आत येऊ शकतो. म्हणून दार बंद ठेवून बोलावे आणि त्याच दिवशी सल्लागाराशी संपर्क साधावा.

विद्यार्थ्यांसाठी विशेष

विद्यार्थी दर वर्षी खोली बदलतात, आणि कागद जुन्या पत्त्यावर जातो. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठविलेला दावाही बहुधा कायदेशीर धरला जातो. म्हणून घर सोडताना बँक, फोन, वीज कंपनी व घरमालक यांना नवा पत्ता लेखी कळवावा आणि रॉयल मेलकडे टपाल वळविण्याची सोय करून घ्यावी. चौघांनी मिळून एकाच करारावर घर घेतले असेल, तर एकाने भाडे बुडविले तरी मालक संपूर्ण रकमेसाठी कोणाही एकावर दावा लावू शकतो. शिक्षण संपवून मायदेशी परतताना फोनचे, विजेचे करार बंद करून अंतिम बिल भरावे. विमानात बसल्याने देणे संपत नाही. अडचण असल्यास विद्यापीठाचा मदतनिधी आणि विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र यांचा उपयोग करावा. घरच्यांना काळजी नको म्हणून गप्प राहून खाजगी सावकाराच्या दारी जाऊ नये.

मदत कोठे मिळते

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, नॅशनल डेटलाइन आणि स्टेपचेंज या संस्था विनामूल्य सल्ला देतात. पैसे घेऊन "कर्ज मिटवून देतो" म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. मे २०२१ पासून सल्लागारामार्फत ६० दिवसांची सवलत मिळू शकते. तिच्या काळात तगादा, बहुतेक व्याज आणि वसुली थांबते. परंतु आधीच लागलेला दावा निकालापर्यंत पुढे चालू शकतो, म्हणून ही सवलत मिळाली तरी कोर्टाला उत्तर द्यावेच. उत्पन्न व मालमत्ता फार कमी असणाऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा हुकूम ही योजना आहे, आणि एप्रिल २०२४ पासून तिच्या अर्जाला फी नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या विहारात आणि बैठकीत आपण आजारपण, नोकरी, लग्नकार्य यांविषयी मोकळेपणाने बोलतो, देण्याविषयी मात्र बोलत नाही. ज्याच्या घरी असा लिफाफा आला असेल, त्याला नावे ठेवू नयेत. त्याच्याजवळ बसून लिफाफा उघडावा, तारीख पाहावी आणि उत्तराचा कागद भरण्यास हात द्यावा. दुःख आहे हे मान्य करून त्याचे कारण शोधणे आणि मार्गाने चालणे, हीच भगवंतांची शिकवण आहे. न उघडलेल्या लिफाफ्यात दुःख वाढते. उत्तराची मुदत चौदा दिवसांची असते, आणि त्यातला पहिला दिवस सर्वांत मोलाचा असतो.

जय भीम, नमो बुद्धाय.